तिसऱ्या गियरचा चढ

जगातल्या निम्म्या दुःखांचं कारण अनावश्यक वजन आणि उरलेल्या निम्म्यांचं कारण चुकीचं टायमिंग, असं मनापासून मानणारा माणूस मुंबईच्या उपनगरांत एकच आहे, आणि ते माझे साडू आहेत. संसार, निवडणुका, क्रिकेट, मुलांची लग्नं, कुठल्याही विषयावरचं त्यांचं मत शेवटी या दोन मुद्द्यांवर येऊन थांबतं. आमच्या नात्यातलं एक लग्न मोडलं तेव्हा दोन्हीकडची मंडळी एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत होती. साडू शांतपणे म्हणाले, "माणसं दोन्ही चांगली आहेत रे. टायमिंग चार डिग्रीने पुढे होतं, बाकी काही नाही." बोलणी तिथेच थांबली.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो आणि मेव्हणीला ताई. भाऊ मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते. भाऊ स्वतः चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. राहायलाही चारकोपलाच, सेक्टरमधल्या जुन्या सोसायटीत, तळमजल्यावर. ताई घरून मालवणी मसाल्याचा व्यवसाय करते आणि स्वतःच्या छोट्या व्हॅनमधून दहिसरपासून अंधेरीपर्यंत माल पोचवते. मी अंधेरीला एका ऑफिसात हिशेब बघतो आणि मुलुंडला राहतो. एवढी माहिती पुरेशी आहे, कारण या घरातली खरी मुख्य व्यक्ती म्हणजे गाडी.

ही गाडी विलायती, दोन माणसांची, उघड्या टपाची, लांब नाकाची आणि वयाने भाऊंपेक्षा मोठी. चेंबूरला एका बंगल्याच्या मागच्या शेडमध्ये ती कित्येक वर्षं पडून होती आणि तिच्यात कोंबड्या राहायच्या. वर्कशॉपच्या कामासाठी भाऊ तिथे गेले आणि काम विसरून परत आले. पुढच्या रविवारी त्यांनी ती भंगाराच्या भावात उचलली. घरी आणल्यावर सीटखाली तीन अंडी निघाली. ताई म्हणाली, "चला, काहीतरी तरी वसूल झालं." वर्षभराने गाडी सुरू झाली तेव्हा सगळा सेक्टर गोळा झाला होता. चालली, पण तिच्या रूपावरून माणसाने जी अपेक्षा करावी तशी चालली नाही. दिसायला चित्ता आणि चढावर म्हैस, असं खुद्द भाऊंनीच तिचं वर्णन केलं आणि त्या दिवशी त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली.

दिशा मिळाली तरी पैसे मिळाले नाहीत. अशा गाड्यांचे वेगवान सुटे भाग परदेशातून मागवता येतात. त्यांच्या किमती भाऊंनी एकदा मला दाखवल्या आणि मीच त्यांना पाणी आणून दिलं. शेवटी ताईने तोड काढली. भाऊंना तेव्हा सिगारेट आणि रात्रीचं पान लागायचं. ताई म्हणाली, "धूर काढायचाच असेल तर एकीकडूनच काढा." म्हणजे सिगारेट-पानाचा महिन्याचा खर्च जेवढा, तेवढाच गाडीचा खर्च, वर एक रुपया नाही. भाऊंनी त्याच दिवशी सिगारेट आणि पान दोन्ही सोडलं. डॉक्टरांनी दहा वर्षं सांगून जे जमलं नव्हतं ते एका कार्बोरेटरने करून दाखवलं. सिगारेटचा मोह टाळणं किती कठीण असतं याची मला कल्पना आहे, म्हणून मी त्यांच्या बाकीच्या वेडाकडे नेहमी सवलतीने बघतो.

आता सुधारणा झाली की नाही हे मोजायचं कशावर? चारकोप म्हणजे परातीसारखं सपाट. पण आमच्या मुलुंडला यायच्या वाटेवर, पवईला, मुख्य रस्ता सोडून टेकडीकडे जाणारा एक चढ आहे. मध्यावर वॉचमनची केबिन, वर एक वळण. गाडीला गियर चार. भाऊंनी ठरवलं की हा चढ खालपासून वरपर्यंत तिसऱ्या गियरमध्ये, दुसरा न टाकता, चढली तर ती खरी स्पोर्ट्स कार. दर वेळी ती केबिनपर्यंत यायची, धापा टाकायची आणि भाऊंना दुसरा टाकावा लागायचा. मग ते आमच्या घरी येऊन चहा प्यायचे. आमच्याकडे ते वरचेवर येतात म्हणून माझी बायको फार कौतुकाने सांगायची, "भाऊंना आपली केवढी ओढ आहे बघ." चढ मुलुंडच्या वाटेवर आहे हे मी तिला बरीच वर्षं सांगितलं नाही.

पैसे नसताना ताकद कशी वाढवायची, याचं भाऊंचं उत्तर एका वाक्यात होतं: "ताकद विकत घ्यावी लागते, वजन फुकट कमी होतं." तेव्हापासून ते गाडीतून एकेक वस्तू काढायला लागले. काढलेली प्रत्येक वस्तू कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर जायची, वजन व्हायची आणि परत घरी यायची. विकणं नाहीच. भंगारवाला बिचारा सुरुवातीला आशेने बघायचा, नंतर नुसता काट्याकडे बोट दाखवायला लागला. पुढचा-मागचा बंपर मिळून सतरा किलो, उघडा टप झाकायची कनात आणि तिचा सांगाडा दहा, स्टेपनी चौदा. मी विचारलं, "भाऊ, पंक्चर झालं तर?" तर म्हणाले, "हलकी गाडी ढकलायला सोपी जाते." सगळं काढून झालं तेव्हा जे काढता येत नव्हतं त्याला भोकं पाडायला सुरुवात झाली. आतल्या लोखंडी पट्ट्या, पेडलचे दांडे, दाराच्या आतल्या बाजू, सगळीकडे चाळणीसारखी भोकं. ब्रेकला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. "थांबायचं वजन राखून ठेवायचं," म्हणायचे. एकदा हात चालू असताना भोकांची ही लाट स्वयंपाकघरातही शिरली आणि ताईच्या लोखंडी कालथ्याच्या दांड्याला ओळीने पाच भोकं पडली. "हातात घेऊन बघ, किती हलका झाला," म्हणून त्यांनी तो मोठ्या उत्साहाने ताईसमोर धरला. ताईने हातात घेतला, कमी झालेलं वजन मान्य केलं आणि तो त्यांच्या दिशेने हवेत हलवून किती वेगाने चालतो तेही दाखवलं.

हे सगळं करताना ते खर्चाच्या हद्दीत कसे राहिले याचं मला अजूनही नवल वाटतं. इंजिनात हवा जायची वाट आतून गुळगुळीत असली की इंजिन मोकळा श्वास घेतं, म्हणून ती वाट त्यांनी कित्येक संध्याकाळी टीव्हीसमोर बसून पॉलिश पेपरने हाताने घासली. इंजिनाला गरम हवेऐवजी बाहेरची गार हवा मिळावी म्हणून नाकापासून एक नळी टाकली. ती आमच्या ताईच्या व्हॅक्युम क्लिनरची होती, हे ताईला दिवाळीच्या साफसफाईत कळलं. इंजिन बरोबर जळतंय का ते स्पार्क प्लगच्या टोकाच्या रंगावरून ओळखतात. त्यामुळे भाऊंच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी कायम एखादा प्लग असायचा. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी तो भटजींना दाखवला. "हा रंग बघा गुरुजी, चहात बुडवलेल्या बिस्किटाचा. काळा पडला तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला तर कमी." गुरुजींनी भक्तिभावाने बघितला आणि पूजेच्या ताटात ठेवायला हात पुढे केला.

गाडीत दुसऱ्या सीटवर मी एकदाच बसलो. बसण्याआधी भाऊंनी माझं वजन विचारलं. मी बहात्तर सांगितलं. त्यांनी माझ्या पोटाकडे एक नजर टाकली आणि अठ्ठ्याहत्तर धरलं. मला राग आला, म्हणून घरी जाऊन काट्यावर उभा राहिलो. साडेसत्त्याहत्तर भरलं. तेव्हापासून मी त्यांच्या अंदाजावर शंका घेतलेली नाही. पुढे ती सीटही निघाली. अकरा किलोची होती. ताई तिच्यावर मोजून दोन वेळा बसली असेल. "म्हणजे आता आम्ही वजनात जमा," एवढंच ती म्हणाली. सीट गॅलरीत ठेवली गेली आणि ताई तिच्यावर पाय सोडून बसून मिरच्यांची देठं काढायला लागली. एकदा त्यांच्या घरी गेलो तर पुढच्या दारी भाऊ गाडीत बसलेले, आणि मागच्या गॅलरीत ताई त्याच गाडीच्या सीटवर बसलेली. मध्ये दोन खोल्या.

सीट गेल्यावर तर भाऊंबरोबर कुणी येण्याचा प्रश्नच उरला नाही. मे महिन्यात माझ्या बायकोने ताईसाठी फणस काढून ठेवला होता. भाऊंनी तो दोन्ही हातांनी उचलला, डोळे मिटून तोलला आणि परत खाली ठेवला. "नऊ किलो आहे. नाही जमणार." बायको म्हणाली, "अहो भाऊ, तुमच्याच घरी न्यायचाय!" तर म्हणाले, "घरी येऊ दे ना, माझी ना नाही. गाडीतून नको." तो फणस मी बसने चारकोपला नेला. पेट्रोललाही वजन असतं, म्हणून टाकीत ते दोन लिटरच्या वर कधी भरायचे नाहीत आणि त्यामुळे गोरेगावच्या पुलावर गाडी बंद पडून मागे वाहनांची रांग लागली, तो प्रसंग मी इथे विस्ताराने सांगत नाही. मी त्या रांगेत होतो.

माझ्या हिशेबी डोळ्याला या सगळ्यात एकच गोष्ट खटकायची. वजनाचं गणित सांगताना भाऊ गाडी धरत, पेट्रोल धरत, हत्यारांची पिशवी धरत, पण स्वतःला धरत नसत. एकदा मी बोललोच.

"भाऊ, यात ड्रायव्हर कुठे आहे?"

"ड्रायव्हर धरत नाहीत."

"का? तो काय तरंगतो?"

"अरे, तू एवढा हिशेबाचा माणूस. ड्रायव्हर हा खर्च नाही. ड्रायव्हर म्हणजे भांडवल."

भांडवल त्या वेळी एक्याण्णव किलो होतं. सिगारेट सुटल्यावर ते वाढलं होतं, म्हणजे गाडीतून जे निघत होतं त्यातलं काही भाऊंमध्ये भरत होतं. ताईने एक पंधरवडा भात बंद करून पाहिला. मालवणचा माणूस भातावाचून कसा दिसतो ते आम्ही त्या पंधरवड्यात बघितलं. माशाच्या कालवणाकडे ते परक्या गावी उतरल्यासारखे बघत बसायचे. वजन काही उतरलं नाही. ताईनेच दया येऊन पुन्हा भात सुरू केला.

मग गेल्या वर्षी त्यांची सोसायटी पुनर्विकासाला गेली. इमारत पडणार, नवीन होईपर्यंत भाड्याच्या घरात राहायचं. कांदिवलीला घर मिळालं, चांगलं मिळालं, पण पार्किंग एकच. एका बाजूला ताईची व्हॅन, जिच्यावर मसाल्याचा धंदा आणि अर्धं घर चालत होतं. दुसऱ्या बाजूला ही. घरात या विषयावर वाद होईल, रडारड होईल, म्हणून माझी बायको मला घेऊन मुद्दाम चारकोपला गेली. आम्ही चपला काढतोय तोवर भाऊंनी सांगून टाकलं, "व्हॅन राहील. गाडी नाशिकच्या एका गृहस्थांना देतोय. सोमवारी येतील न्यायला." ताई आत कांदा परतत होती. तिचा कालथा क्षणभर थांबला आणि परत चालायला लागला. थोड्या वेळाने भाऊ मला बाहेर घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "रविवार आहे हातात. एकदा तिसऱ्यात चढली ना, की मग जाऊ दे. न चढता गेली तर ते नाशिकवाले पहिल्याच दिवशी म्हणतील, नुसतं रूप आहे. ते मला नाही चालणार रे."

म्हणून त्या रविवारी सकाळी आम्ही चौघं पवईला गेलो. भाऊ गाडीत एकटे, आम्ही तिघं ताईच्या व्हॅनमध्ये मागे. रस्त्यावर वर्दळ नव्हती. तळ्याकडून वारा येत होता. भाऊंनी चपला काढून व्हॅनमध्ये ठेवल्या, घड्याळ काढून माझ्याकडे दिलं, खिशातला प्लगसुद्धा दिला. गाडी निघाली, केबिनपर्यंत छान गेली आणि तिथे धापा टाकायला लागली. दुसरा गियर. परत खाली आले. आणखी एकदा. तेच. इंजिनातल्या ठिणगीचं टायमिंग जरा पुढे घेतलं, चाकांत हवा वाढवली, तिसऱ्यांदा गेले. केबिनच्या चार हात पुढे गेली आणि पुन्हा तेच. वॉचमन बाहेर येऊन उभा राहिला होता. एका रिक्षावाल्याने वेग कमी करून विचारलं, "अंकल, धक्का मारूँ क्या?" भाऊंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खाली येऊन त्यांनी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसते बसून राहिले. मी त्यांना अनेक वर्षं ओळखतो. हरलेले त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

ताई व्हॅनमधून उतरली आणि गाडीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"अहो, उतरा खाली."

"कशाला गो?"

"तुम्ही किती किलो?"

भाऊंनी पोट आत घेतलं.

"मी सांगते, एक्याण्णव. मी छप्पन. पस्तीस किलो कमी होतायत, एक रुपया न खर्च करता. उतरा."

"अगो, पण हिचा क्लच वेगळा आहे. हिला समजून घ्यावं लागतं..."

"वीस वर्षं मसाल्याची पोती भरून व्हॅन चालवते मी. आणि तुम्हाला सांभाळते. उतरा."

भाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी मनातल्या मनात बेरीज केली. इतक्या वर्षांत गाडीला पाडलेल्या सगळ्या भोकांचं मिळून सव्वा किलो होत होतं. "भाऊ," मी म्हणालो, "हिशेब बरोबर आहे." ते उतरले. उतरल्यावर नकळत गाडीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेले, दार उघडलं आणि तिथे सीट नाही हे बघून तसेच उभे राहिले. मग दार हळूच लावलं. ताईने पदर खोचला, सीट पुढे ओढली, आरसा स्वतःकडे वळवला आणि म्हणाली, "वर जाऊन उभे राहा दोघं. इथून दिसणार नाही."

आम्ही व्हॅन घेऊन वर गेलो. बायको खाली थांबली. वळणापाशी भाऊ अनवाणीच फुटपाथवर उभे होते, आणि मी त्यांचं घड्याळ नि प्लग हातात धरून शेजारी. मला आधी काही कळलं नाही. खालून नुसती एक गुणगुण आली, मग ती जाड व्हायला लागली. केबिनजवळ ती जरा थबकल्यासारखी वाटली, भाऊंनी माझं मनगट पकडलं, "दुसरा टाकते की काय..." आणि ती थबकली नाही. पुढे आली. आवाज चढत गेला, घोगरा, भरलेला, तंबोऱ्याच्या खालच्या तारेसारखा आणि तरी अंगावर धावून येणारा. डाळिंबी रंगाचं ते लांब नाक वळणावर दिसलं, ताईचा सुटलेला पदर दिसला, आणि गाडी आमच्या समोरून निघून गेली. तिसऱ्यात. ताईने आमच्याकडे बघितलं नाही आणि थांबलीही नाही. टेकडीच्या पलीकडे आवाज लांबत गेला.

मला वाटलं भाऊ ओरडतील, नाचतील, निदान त्या रिक्षावाल्याला शोधतील. ते तसेच उभे होते. आवाज गेला त्या दिशेला बघत म्हणाले, "असा आवाज येतो होय रे तिचा?"

"म्हणजे? तुम्हीच तर बनवलाय."

"बनवला. पण मी आत असायचो ना. आत नुसती घरघर ऐकू येते. चढताना मी हिला बाहेरून कधी बघितलीच नाही." मग म्हणाले, "ती पण छान दिसत होती."

मी हे दुसरं वाक्य ताईला सांगितलं नाही. ते त्यांनी सांगायचं आहे.

ताई बऱ्याच वेळाने परत आली. कुठे गेली होतीस विचारलं, तर म्हणाली, "खालून वळसा घेतला. थांबवावीशी वाटेना." तिचे केस विस्कटले होते आणि ती लग्नाच्या अल्बममधल्यापेक्षा लहान दिसत होती. भाऊंनी चौथ्यात गेली का, प्लग कसा जळला असेल, एवढंच विचारलं. पण व्हॅनमधून आमच्या घरी चहाला जाताना ते ताईच्या शेजारी बसले, आणि गाडी मुलुंडपर्यंत चालवायला त्यांनी मला दिली. अठ्ठ्याहत्तर किलोंना. मी ती दुसऱ्या गियरच्या वर नेली नाही. परक्याची वस्तू आहे.

सोमवारी नाशिकचे गृहस्थ आले. तरुण होते, व्यवस्थित होते, गाडीवर हात फिरवताना अंगठी काढून ठेवणारे होते. भाऊंनी त्यांना बंपर, स्टेपनी, कनात, सगळं वजनासकट समजावून दिलं. गॅलरीतली सीट मात्र दिली नाही. ती कांदिवलीच्या घरी गेली. किल्ली देताना एकच सूचना केली, "अधूनमधून दुसऱ्या कुणाला तरी चालवायला द्या. घरातलं माणूस असलं तर बरं. आणि तुम्ही रस्त्यावर उभे राहा." त्या गृहस्थांना ते कळलं असं वाटलं नाही, पण त्यांनी मान डोलावली.

गाडी त्यांनी चालवत नेली नाही. टेम्पोवर चढवली, दोरांनी बांधली आणि नेली. त्यामुळे जाताना तिचा काहीच आवाज झाला नाही. भाऊ तरी सेक्टरच्या कोपऱ्यापर्यंत टेम्पोच्या बाजूने चालत गेले आणि टेम्पो मुख्य रस्त्याला लागल्यावरही थोडा वेळ, कान देऊन उभे राहावं तसे, तिथेच उभे राहिले.